नैराश्यावरील अल्पकालीन मानसोपचार : डॉ. विक्रम पटेल यांचे गोव्यातील कार्य आणि संमोहनाचे स्थान

प्रस्तावना :

मराठीत 'नैराश्य' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. परीक्षेत अपयश आले, पीक हातचे गेले किंवा घरात मृत्यू झाला म्हणजे मनाला येणारी खिन्नता हा त्याचा रूढ अर्थ होय. मानसशास्त्रातील अर्थ याहून निश्चित आहे. किमान दोन आठवडे सतत उदास वाटणे किंवा कशातच रस न उरणे आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, स्वतःविषयीचा आदर व जगण्याची इच्छा यांपैकी अनेक गोष्टींवर परिणाम होणे, या अवस्थेस नैराश्याचा आजार म्हणतात. पहिली अवस्था काळाबरोबर ओसरते. दुसरीला बहुधा उपचाराची गरज असते.

हा भेद ग्रामीण भागात सहसा लक्षात येत नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील शिंदखेडा हा धुळे जिल्ह्यातील तालुका तापी–पांझरेच्या खोऱ्यात असूनही बहुतांशी कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. येथील मनुष्य 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. अहिराणीत तो 'मन लागत नही', 'जीव घाबरस' असे सांगतो. डॉक्टरांकडे जातो तो अंगदुखी, अशक्तपणा किंवा झोप न येण्याची तक्रार घेऊन. काही जण आधी भगताकडे जातात. मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर धुळ्यास जावे लागते. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते आणि 'वेड लागले' असा शिक्का बसण्याचे भय असते ते वेगळेच.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे २.७ टक्के व्यक्ती सर्वेक्षणकाळी नैराश्यग्रस्त होत्या, तर आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक होते. अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांना कोणताही उपचार मिळत नव्हता. तज्ज्ञांची संख्या कितीही झपाट्याने वाढविली तरी ही दरी नजीकच्या काळात भरून निघणे कठीण आहे. म्हणून थोड्या भेटींत पूर्ण होणारा आणि तज्ज्ञेतर व्यक्तींनाही शिकविता येणारा उपचार शक्य आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. डॉ. विक्रम पटेल यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग याच प्रश्नासाठी दिला.

लेखाचे उद्देश :

१) डॉ. पटेल यांच्या गोव्यातील संशोधनाची वाटचाल समजावून घेणे.
२) नैराश्यावरील अल्पकालीन मानसोपचाराचे प्रत्यक्ष स्वरूप स्पष्ट करणे.
३) या उपचारांच्या संदर्भात संमोहनाचे स्थान तपासणे.
४) ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने या कार्याचा अर्थ मांडणे.

डॉ. विक्रम पटेल : जडणघडण :

विक्रम पटेल यांचा जन्म १९६४ साली मुंबईत झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबई विद्यापीठातून पूर्ण करून ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड येथे गेले आणि पुढे लंडनमध्ये मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण त्यांनी घेतले. त्यांच्या विचारांना वळण मिळाले ते मात्र आफ्रिकेत. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते झिम्बाब्वेतील हरारे येथे संशोधनासाठी गेले. नैराश्य ही पाश्चात्त्य संस्कृतीत घडलेली संकल्पना असून ती इतर समाजांवर लादली जाते, असे त्यांना तेव्हा वाटत होते. तेथील पारंपरिक वैदू, परिचारिका व रुग्ण यांच्याशी बोलल्यावर त्यांना निराळेच आढळले. शोना भाषेतील लोक 'कुफुंगिसिसा' म्हणजे 'अति विचार करणे' या शब्दाने जो त्रास सांगत, त्यातील लक्षणे नैराश्य व चिंताविकाराच्या लक्षणांशी मोठ्या प्रमाणात जुळणारी होती. आजाराचे नाव व कारणमीमांसा समाजागणिक बदलते, परंतु यातना सर्वत्र ओळखता येतात, हा धडा त्यांनी तेथून घेतला. 'डोकं फार चालतं, थांबतच नाही' असे सांगणारा आपल्याकडील रुग्ण या ठिकाणी वाचकास सहज आठवेल.

भारतात परतल्यावर गोवा ही त्यांची कर्मभूमी झाली. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांसाठी त्यांनी लिहिलेले 'व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट' हे इंग्रजी हस्तपुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते लंडन व नंतर हार्वर्ड येथे प्राध्यापक झाले. २०१५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचा समावेश केला. तथापि, त्यांच्या कार्याचे मर्म या मानसन्मानांपेक्षा गोव्यातील तीन प्रयोगांच्या क्रमात अधिक स्पष्टपणे दिसते.

पहिला प्रयोग : अपयशाची नोंद :

पहिल्या महत्त्वाच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोव्यातील दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध, दुसऱ्यास औषधाचा भास निर्माण करणारी निष्क्रिय गोळी आणि तिसऱ्यास थोड्या भेटींचा मानसोपचार देण्यात आला. दोन महिन्यांनंतर औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. मानसोपचार मात्र निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक परिणामकारक ठरला नाही.

मानसोपचाराचा पुरस्कार करणाऱ्या संशोधकास हा निष्कर्ष सुखावणारा नव्हता. तरीही तो जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. 'रुग्णाशी चार शब्द आपुलकीने बोलले की त्याला बरे वाटते' ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. आपुलकी आवश्यक असली तरी केवळ ती व केवळ भेटींची अल्पसंख्या यांमुळे उपचार घडत नाही, हे या चाचणीवरून लक्षात येते. अल्पकालीन उपचाराचे यश भेटी किती कमी यावर अवलंबून नसून त्या भेटींत नेमके काय केले जाते, यावर अवलंबून असते.

दुसरा प्रयोग : 'मानस' प्रकल्प :

'मनशांती सुधार शोध' या कोकणी नावावरून 'मानस' म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात उपचाराची संपूर्ण व्यवस्थाच बदलण्यात आली. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांत २,७९६ रुग्ण सहभागी झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांवर रुग्णाची मुख्य जबाबदारी सोपविण्यात आली. प्रत्येकास आजाराची माहिती, गरजेनुसार औषध किंवा आंतरवैयक्तिक मानसोपचार आणि गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला अशी पायरीपायरीची रचना होती.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी समुपदेशकांची सेवा मिळालेले ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झाले होते. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. एकच उपचार एका व्यवस्थेत उपयोगी पडतो व दुसऱ्या व्यवस्थेत त्याचा लाभ दिसत नाही, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरा प्रयोग : वर्तन-सक्रियीकरण :

'मानस'मध्ये अनेक घटक एकत्र होते. तिसऱ्या प्रयोगात मानसोपचारावरच लक्ष केंद्रित करण्यात आले. 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' असे नाव असलेल्या या उपचाराचा पाया 'वर्तन-सक्रियीकरण' हा आहे. या पद्धतीची बीजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातील मांडणीत सापडतात. मनुष्य उदास झाला की तो माणसांतून व कामांतून अंग काढून घेतो. त्यामुळे आनंद व समाधान देणारे अनुभव घटतात, उदासी वाढते आणि तो आणखी अंग काढून घेतो. हे दुष्टचक्र विचारांच्या बाजूने तोडता येते, तसेच कृतीच्या बाजूनेही तोडता येते. नील जेकबसन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ कृतीवर भर देणारा भाग संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच परिणामकारक असल्याचे दाखविले होते. कृतीचा भाग शिकविण्यास तुलनेने सोपा असल्याने तज्ज्ञेतर समुपदेशकांसाठी तो अधिक योग्य ठरला.

गोव्यातील उपचार सहा ते आठ भेटींचा होता. साधारण आठवड्यातून एक भेट होई व ती ३० ते ४० मिनिटे चाले. ती आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत असे. त्याचे तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात विश्वास संपादन करून आजाराचे स्वरूप समजावून सांगणे, दुसऱ्यात दैनंदिन कृतींची नोंद, नियोजन व अडचणींची सोडवणूक, आणि तिसऱ्यात शिकलेल्या गोष्टींची उजळणी व आजार उलटू नये यासाठीची तयारी असे.

ही पद्धत कशी चालते हे समजण्यासाठी शिंदखेडा परिसरातील एका काल्पनिक कापूस उत्पादकाचे उदाहरण घेता येईल. दोन हंगाम बुडाल्यावर हा शेतकरी पारावर बसणे सोडतो. कर्जाची विचारणा होईल म्हणून बाजाराच्या दिवशी गावात जात नाही. बैलांना पाणी पाजण्याचे काम मुलावर सोपवितो आणि दिवसाचा बराच वेळ खाटेवर पडून राहतो. समुपदेशक त्याला 'धीर धरा' असा उपदेश करीत नाही. तो आधी आठवड्याची नोंद ठेवण्यास सांगतो. कोणत्या वेळी काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, एवढेच त्यात लिहायचे असते. लिहिता येत नसेल तर घरातील मुलाची मदत घ्यावी. पुढील भेटीत नोंद पाहताना संध्याकाळी मुलाने ओढून शेतावर नेले तेव्हा थोडे बरे वाटले, हे त्याच्याच लक्षात येते. मग पुढील आठवड्यासाठी दोनच कृती ठरतात. सकाळी बैलांना स्वतः पाणी पाजणे व एका विश्वासू मित्राकडे एकदा जाणे. 'बरे वाटले की करीन' हा क्रम उलटा करून 'आधी करीन, बरे वाटणे मागून येईल' असा ठेवला जातो. कर्जाचा प्रश्न याने सुटत नाही. त्याचे लहान तुकडे करून बँकेत कोणत्या दिवशी, कोणाला सोबत घेऊन जायचे हे ठरविता येते. ज्या प्रश्नाकडे पाहण्याचेही बळ नव्हते, त्यासंबंधी एक तरी पाऊल उचलले जाते.

परिणाम व त्यांचा अर्थ :

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. हे रुग्ण सौम्य नैराश्याचे नव्हते. नऊ प्रश्नांच्या व २७ गुणांच्या प्रश्नावलीत १४ हून अधिक गुण असलेल्यांचीच निवड झाली होती. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचे गुण दहाच्या खाली आले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आत्महत्येचे विचार वा प्रयत्न यांतही घट आढळली. एका वर्षानंतरच्या पाहणीतही उपचाराचा लाभ टिकून असल्याचे दिसले.

या आकड्यांचे वाचन दोन्ही बाजूंनी करावयास हवे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींनी सहा-आठ भेटींत हे साध्य केले, ही मोठी गोष्ट होय. परंतु उपचार मिळूनही सुमारे एक तृतीयांश रुग्ण बरे झाले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्यासाठी औषधे व तज्ज्ञांचा पुढील उपचार अपरिहार्य ठरतो.

या यशामागे दिसून न येणारी एक व्यवस्था होती. समुपदेशकांना प्रथम सुमारे तीन आठवड्यांचे वर्गप्रशिक्षण व त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा दीर्घ सराव देण्यात आला. भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे आणि ते ऐकून समुपदेशक नियमित बैठकीत एकमेकांच्या कामाला गुण देत व चुका दाखवीत. २००३ मधील अपयश आणि २०१७ मधील यश या दोहोंत भेटींची संख्या अल्पच होती. बदलली ती उपचाराची नेमकी आखणी, समुपदेशकाची तयारी आणि कामाची सततची तपासणी.

महाराष्ट्रातील अनुभव :

गोव्यातील ही दिशा विदर्भातही आणण्यात आली. डॉ. राहुल शिधये, डॉ. पटेल व सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मानसिक आजारांविषयी बोलणे, रुग्ण ओळखणे व प्राथमिक मानसिक आधार देणे असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. अमरावतीची कापूसशेती व खानदेशची कापूसशेती यांतील साम्य पाहता हा अनुभव धुळे जिल्ह्यास गोव्याहूनही अधिक जवळचा आहे.

संमोहनाचे स्थान :

अल्पकालीन मानसोपचाराचा विचार संमोहनाशिवाय पूर्ण होत नाही. एकोणिसाव्या शतकात जेम्स ब्रेड या वैद्याने संमोहनाला आधुनिक नाव व शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. भारतात जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे या प्रकारच्या साधनाने वेदना शमवून शस्त्रक्रिया केल्या. विसाव्या शतकात अमेरिकेतील मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांनी संमोहन व अल्पकालीन उपचार यांची सांगड घातली. त्यांच्या प्रभावाखालील मायकेल याप्को या मानसशास्त्रज्ञाने नैराश्य हेच आपले मुख्य कार्यक्षेत्र मानले. नैराश्यात संमोहन धोक्याचे असते, हा त्या काळी रूढ असलेला समज त्यांनी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. या विषयावरील त्यांचा 'ट्रीटिंग डिप्रेशन विथ हिप्नॉसिस' हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात प्रा. श्याम मानव यांनी स्वसंमोहनाच्या कार्यशाळांतून या विषयाभोवतीचे गूढ दूर करण्याचा प्रयत्न केला.

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि दुसऱ्याच्या इच्छेची गुलामीही नव्हे. अवधान एकाग्र करून सूचना स्वीकारण्याची तयारी वाढविणारी ती एक अवस्था होय. नैराश्यात तिचा उपयोग भविष्यातील एखादी कृती मनात रंगवून तिची तालीम करणे, झोप सुधारणे व एकाच विचाराचे रवंथ कमी करणे यांसाठी केला जातो. कॅनडातील असेन अल्लादिन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८४ रुग्णांच्या अभ्यासात बोधात्मक उपचाराला संमोहनाची जोड दिल्यास थोडा अधिक लाभ दिसला. जर्मनीत क्रिस्टिना फुर व सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम नैराश्याच्या १५२ रुग्णांवर केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संमोहनोपचार बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे आढळले.

या निष्कर्षांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. चाचण्यांची संख्या थोडी आहे. जर्मनीतील चाचणीत १६ ते २० भेटी झाल्या व उपचारक प्रशिक्षित होते. म्हणजे 'एका बैठकीत नैराश्य दूर' या जाहिरातींना तिचा आधार मिळत नाही. संमोहनातील सूचनांमुळे न घडलेल्या घटना घडल्यासारख्या आठवू शकतात, याचा इशारा याप्को यांनीच १९९४ मध्ये दिला होता. तात्पर्य, संमोहन हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या हातातील एक पूरक साधन ठरते. ग्रामीण भागात व्यापक प्रमाणावर शिकविण्यासाठी वर्तन-सक्रियीकरणामागे आज अधिक भक्कम पुरावा आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने :

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक निर्देश दिले. त्यानुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ उपलब्ध करणे आवश्यक आहे. तथापि, समुपदेशक असला तरी विद्यार्थ्यातील बदल प्रथम लक्षात येतो तो वर्गशिक्षकाच्या. गोव्यातील अनुभवाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) नियमित विद्यार्थी एकाएकी गैरहजर राहू लागणे, मित्रांत न मिसळणे, वही कोरी राहणे यांस आळस समजून रागावण्याआधी त्याच्याशी एकांतात बोलावे.
२) विद्यार्थ्याच्या बोलीतील शब्द जसेच्या तसे स्वीकारावेत. 'मन लागत नही' हे वाक्य पुढील विचारपूस करण्यास पुरेसे आहे.
३) उपदेशाऐवजी पुढील दोन दिवसांत करता येईल अशी एक लहान कृती त्याच्यासह ठरवावी आणि तिची पुन्हा आठवणीने चौकशी करावी.
४) आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. असे विचार असल्यास विद्यार्थ्यास एकटे न सोडता कुटुंबीय व समुपदेशक यांना सोबत घ्यावे आणि विलंब न करता वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.
५) प्राध्यापकाने स्वतःस उपचारक समजू नये. ओळखणे, ऐकणे व योग्य ठिकाणी पोहोचविणे एवढीच त्याची भूमिका असावी. गोव्यातील समुपदेशकही प्रशिक्षण व देखरेखीशिवाय काम करीत नव्हते.

समारोप :

डॉ. पटेल यांच्या गोव्यातील कार्याचा विचार करता नैराश्यावरील उपचार मोठ्या शहरापुरता व मोजक्या तज्ज्ञांपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण उरत नाही, असे म्हणता येते. परंतु 'कोणीही समुपदेशन करू शकतो' असा त्याचा अर्थ काढणे हे त्या कार्यावर अन्याय करणारे ठरेल. पहिल्या चाचणीतील अपयश मान्य करून उपचाराची आखणी बदलणे, सामान्य व्यक्तींना कसून तयार करणे आणि त्यांचे काम सतत तपासत राहणे, या तीन गोष्टींमुळे अल्पकालीन उपचार परिणामकारक झाला. संमोहनासह प्रत्येक नव्या-जुन्या पद्धतीस हीच कसोटी लावली पाहिजे. शिंदखेड्यासारख्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात, बाजाराच्या दिवशी, रुग्णाच्याच बोलीत त्याची नोंदवही पाहणारी एखादी प्रशिक्षित आरोग्यसेविका बसली, तर धुळ्यापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या अनेकांचा उपचार तेथेच सुरू होऊ शकेल. त्यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे. आवश्यकता आहे ती प्रशिक्षण व देखरेख यांची स्थानिक व्यवस्था उभी करण्याची, आणि त्या कामी तालुक्यातील महाविद्यालये आरोग्य विभागास मोलाचे सहकार्य करू शकतात.